अंगण, ओळखीचे गॅरेज की अधिकृत वर्कशॉप? किनाऱ्यावरील स्पोर्ट्स कारच्या देखभालीचा तुलनात्मक आढावा

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागच्या परिसरात राहून ज्यांनी जुनी का होईना, पण एखादी बीएमडब्ल्यू झेड-४, पोर्शे बॉक्स्टर किंवा ऑडी टीटी घेतली आहे, त्यांच्यासमोर पहिल्या पावसाळ्यानंतर एकच प्रश्न उभा राहतो: कामे स्वतः अंगणात करायची, गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे सोपवायची, की गाडी घाट चढवून मोठ्या शहरातील अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यायची? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण खर्चावरून ठरवतात. माझ्या मते ते आधी झीज कशाने होते यावरून ठरवावे. वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर धावणारी गाडी किनाऱ्यावर धावून झिजत नाही. ती खाऱ्या, दमट हवेत उभी राहून झिजते. जे हवा, पाणी आणि वेळ यांमुळे बिघडते त्यावर मालकाचीच नजर हवी, कारण वर्षातून एकदा गाडी पाहणाऱ्या तंत्रज्ञाला ते वेळेत दिसत नाही. जे वेगामुळे, दाबामुळे किंवा संगणकाच्या आज्ञेने चालते, ते त्या यंत्रणेची साधने असलेल्या माणसाकडेच सोपवावे. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र तुलनेचा प्रश्नच उरत नाही. नोंदवहीतील प्रत्येक शिक्का अधिकृत वर्कशॉपचाच असू द्यावा.

इंजिन ऑइल बदलण्याचे काम तिन्ही ठिकाणी सारखेच चांगले होते, म्हणून त्यावर फार विचार करण्याचे कारण नाही. किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा ते बदलावे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मानकाचेच ऑइल घ्यावे आणि गॅरेजमध्ये काम करून घेताना डबा स्वतः नेऊन समोर फोडावा. अंगणात करायचे असेल तर खरी अडचण ऑइलची नसून जमिनीची आहे. जांभ्याची फरसबंदी किंवा मातीचे अंगण पावसाने मऊ झालेले असले की जॅक हळूहळू एका बाजूला कलतो. त्याखाली जाड फळी हवीच. आपल्याकडे गाडीच्या खाली आधाराला चिरा लावण्याची सवय सर्रास दिसते, आणि ती जिवावर बेतणारी आहे, कारण जांभा भार घेताना इशारा न देता फुटतो. दोन चांगल्या लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) विकत घेण्याची तयारी नसेल, तर गाडीखाली शिरण्याचे प्रत्येक काम मिस्त्रीकडे द्यावे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. ऑइल उकळले की त्यात बुडबुडे होतात, म्हणून आंबा घाट उतरताना जड पायाने ब्रेक धरणाऱ्या चालकाच्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) हा फरक पेडल घट्ट राहणे आणि पेडल तळाला टेकणे यांमधला फरक ठरू शकतो. बहुतेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मी ते दर वर्षी, पावसाळा संपल्यावर बदलतो. हे काम दोन माणसांनी घरी करता येते, परंतु एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपात हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण, लागतो; म्हणून स्कॅनर असलेले गॅरेज येथे अंगणापेक्षा सरस ठरते. पॅड बदलणे मात्र घरी करण्याजोगे आहे, आणि एका अर्थी घरीच केलेले बरे, कारण कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून, घासून, रबराला चालणारे ग्रीस लावून पुन्हा बसवण्याइतका वेळ घाईतला मिस्त्री देत नाही. किनाऱ्यावर पॅड झिजण्याआधी या पिना अडकतात. डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो; मोजमाप त्याच्याशी ताडून पाहावे. रात्रीत आलेला तांबूस थर पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो, त्याला घाबरू नये. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये; गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना उटी, म्हणजे अडसर, लावावी, अन्यथा ब्रेक चिकटून बसतात. चाकाचे बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरावा. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या बहुतेक गाड्यांना १२० न्यूटन-मीटर पुरतात. पान्यावर उभे राहून आवळलेला बोल्ट खाऱ्या हवेत पुढच्या वर्षी निघत नाही.

उघडणाऱ्या छताच्या निचऱ्याच्या वाटा साफ ठेवणे हे काम कोणत्याही वर्कशॉपकडे सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्याकडील पहिल्या पिढीच्या झेड-४ चे कापडी छत एका जुलै महिन्यात अर्ध्यावर अडकले. एका गॅरेजने पूर्ण यंत्रणा बदलावी लागेल असे सांगितले आणि त्या रकमेत एखादी चांगली दुचाकी आली असती. आसनांच्या मागचा अस्तराचा भाग उचलून पाहिल्यावर कोपऱ्यातील सर्वांत खालच्या खळग्यात ओंजळभर काळे पाणी साचलेले दिसले, आणि त्यात छत हलवणारी मोटर चक्क बुडालेली होती. निचऱ्याच्या नळीत सुरूच्या सुयांचा बोळा बसला होता. नारळाच्या केरसुणीच्या लांब हिराने तो निघाला. मोटर अर्थात गेली ती गेलीच. या मॉडेलचा हा दोष जगभर माहीत आहे आणि अनेक मालक ती मोटर डिकीत हलवून घेतात. जुन्या बॉक्स्टरमध्येही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते: निचरा तुंबला की पाणी आसनाखाली बसवलेल्या इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) संगणकापर्यंत पोहोचते आणि गाडी सुरूच होत नाही. त्याच गाडीच्या पुढच्या बंपरमधील दोन्ही हवेच्या मुखांत पालापाचोळा साचून एसीचे कन्डेन्सर कुजतात. मे अखेर अर्धा तास, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटे, एवढीच या कामाची किंमत आहे.

गंजापासून संरक्षणासाठी बाजारात दोन मार्ग दिसतात. काळा, रबरासारखा जाड थर स्वस्त पडतो आणि गावोगावी मारून मिळतो. परंतु त्याला एकदा चीर गेली की पाणी त्याखाली मुरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, वरून मात्र सारे काळेभोर आणि नीटनेटके दिसते. मेणयुक्त द्रव फटींत शिरतो, दर वर्षी पुन्हा मारावा लागतो आणि खालचा पत्रा पाहता येतो. मी निःसंकोचपणे दुसरा मार्ग सुचवीन. पोर्शेने १९७५ पासून जस्तलेपित पत्रा वापरायला सुरुवात केली असली, तरी नटबोल्ट, ब्रेकच्या नळ्या आणि एक्झॉस्टचे पट्टे यांना ते कवच नसते. गाडी धुताना विहिरीचे पाणी चाखून पाहावे. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि त्या पाण्याने तळ धुणे म्हणजे मीठ नव्याने लावणे होय. पावसाळ्यात पागोळ्यांचे साठवलेले पाणी त्यासाठी उत्तम. हौसेने गाडी पुळणीवर उतरवणाऱ्यांसाठी या आढाव्यात सल्ला नाही.

बॅटरीसाठी चार महिने जोडून ठेवता येणारा स्वयंचलित चार्जर घ्यावा. तो घरचाच विषय आहे. बॅटरी बदलल्यास बीएमडब्ल्यूच्या अलीकडच्या गाड्यांत तिची नोंद संगणकात करावी लागते, तेवढ्यापुरता स्कॅनरवाला गाठावा. टायरवरील चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष दाखवतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसत असल्या तरी दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नसतो.

सुट्या भागांची निवड हा वेगळा हिशेब आहे. कंपनीच्या खोक्यातला भाग, तोच भाग बनवणाऱ्या पुरवठादाराच्या खोक्यातला भाग, स्वस्त नक्कल आणि वापरलेला भाग, असे चार पर्याय समोर असतात. लेमफॉर्डर या पुरवठादाराच्या खोक्यातून आलेला सस्पेन्शनचा आर्म उजेडात धरल्यास अनेकदा बीएमडब्ल्यूचे चिन्ह घासून काढल्याची चकचकीत जागा दिसते; धातू तोच, रबर तेच, फक्त खोका निराळा. मान किंवा माह्लेचे फिल्टर, एटीई किंवा टेक्स्टारचे ब्रेकचे भाग आणि साक्सचे क्लच यांबाबतही मी याच दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, मात्र मागवण्यापूर्वी गाडीच्या १७ अक्षरी चेसिस क्रमांकावरून भागाचा क्रमांक पडताळावा, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या डिस्क वेगळ्या असू शकतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि छताची रबरे यांसाठी कंपनीचेच खोके घ्यावे. स्वस्त नकलेचे रबरी बुश मी एकदा वापरले आणि दुसऱ्या पावसाळ्यात ते हाताने तुटले. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळत असल्याने जुन्या गाडीच्या इंधननळ्या बदलताना इथेनॉल सोसणारेच रबर मागावे. वापरलेल्या भागांसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार मोठा आहे. दिवे, दरवाजे, आसने तेथून जरूर घ्यावीत, ब्रेक, एअरबॅग आणि रबर मात्र कधीही घेऊ नये.

उरलेली कामे अधिकृत वर्कशॉपची किंवा त्या तोडीच्या तज्ज्ञाची आहेत. एअरबॅग, एसीचा गॅस, थेट इंजेक्शनची उच्च दाबाची इंधनव्यवस्था आणि दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स यांना अंगणात हात लावू नये. ऑडी टीटीतील तेलात बुडालेल्या दुहेरी क्लचच्या सहा गिअरी गिअरबॉक्सचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलतात, आणि त्याची पातळी तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, संगणकावर तापमान वाचत तपासावी लागते. अंदाजाने भरलेले तेल महागात पडते. ही कामे एकत्र करून दिवाळीआधी एक फेरी मारावी.

ती फेरी कधीतरी फ्लॅटबेडवरून, म्हणजे बंद गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून, करावी लागेल, हेही गृहीत धरावे. गाडी ओढण्याचा हुक डिकीत असतो आणि बंपरवरील छोट्या झाकणामागील आट्यांत फिरवून बसवावा लागतो. किनाऱ्यावर ते आटे गंजून जाम होतात, आणि हे भर पावसात, फ्लॅटबेडवाला ताटकळत उभा असताना कळते. म्हणून छताच्या नळ्या साफ कराल त्याच दिवशी झाकण काढून आट्यांना ग्रीस लावावे आणि हुक एकदा पूर्ण आत फिरवून पाहावा.