नांग्या दाखवल्याशिवाय पैसे पाठवू नका

बेळगावात, टिळकवाडीत माझी तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. समुद्र गाठायचा तर चोर्ला घाट उतरावा लागतो, म्हणून पाणी आरओचं आणि मीठ पिशवीतलं, खारटपणा विशिष्ट गुरुत्व 1.025 इतका. कोरल सगळे मऊ: झोआ (छोट्या फुलांच्या झुबक्यासारखे), मशरूम, एक लेदर. (दगडी कोरल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. 'कागद आहेत' म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.)

झोआच्या एका तुकड्यासोबत बबल अल्गी, म्हणजे फुग्यांचं शेवाळ, घरात आली. साबुदाण्याएवढे हिरवे चकचकीत फुगे, आणि बघता बघता दगड भरला. त्यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे एमराल्ड क्रॅब. तो हे फुगे खातो हे खरंच आहे.

एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. हिरवागार खेकडा, पण नांग्या दगडाआड. तिथेच शंका यायला हवी होती. दोन नगांचे 1,800, पार्सलचे वेगळे, सगळे आधी जीपेवर. 'जिवंत पोचण्याची गॅरंटी' होती आणि ती त्याने पाळली, हे मान्य करतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डबा आला, दोन्ही खेकडे टुणटुणीत. फक्त ते एमराल्ड नव्हते. गॅरंटी जिवंतपणाची होती, जातीची नव्हती.

रंग मातकट हिरवा, पायांवर दाट केस. मी फोन केला तर म्हणाला, "पिल्लं आहेत सर, मोल्ट झाले की रंग उघडतो." मोल्ट म्हणजे कात टाकणं, ते खेकडे करतातच, म्हणून मीही मान डोलावली. अर्धं खरं बोलणारा माणूस फार अवघड.

तीन आठवड्यांत झोआची एक वसाहत अर्धी झाली. बबल अल्गी जशीच्या तशी. मी पाण्यावर संशय घेतला, टेस्ट किटवर पैसे उडवले. एका रात्री आई पाणी प्यायला उठली आणि हाक मारली, "अरे, ती कुर्ली तुझी फुलं खायलीय बघ!" लाल टॉर्च लावून बघितलं (लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही). दगडाच्या फटीतून अर्धा बाहेर आलेला, एका नांगीने झोआचा देठ धरलेला, दुसरीने तोंडाकडचा तुकडा तोडत. आणि नांग्यांची टोकं काळी, जणू शाईत बुडवलेली.

हा गोरिला क्रॅब. एमराल्डच्या नांग्या बोथट, चमच्यासारख्या असतात, टोकं फिकट. शेवाळ खरवडायला तशाच लागतात. काळी, अणकुचीदार टोकं आणि केसाळ पाय दिसले की पुढे बोलणंच थांबवा. खराखुरा एमराल्डसुद्धा उपाशी राहिला की कोरलला तोंड लावतो, हे विकणारा कधी सांगत नाही. ॲरो क्रॅब आणि सॅली लाइटफूट लहानपणी गरीब दिसतात, मोठे झाले की मासे धरतात. निर्धास्त राहायचं असेल तर पॉर्सलिन क्रॅब. तो पंख्यासारख्या अवयवांनी पाण्यातलं गाळून खातो. ओळख म्हणजे चालायचे पाय तीनच जोड्या दिसतात, खऱ्या खेकड्याला चार असतात. निळ्या पायांचे छोटे हर्मिटही (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) चालतात, पण जास्तीचे रिकामे शंख टाका, नाहीतर शंखासाठी गोगलगायी मारतात.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "तो तुमच्या लाइव्ह रॉकमधून आलाय." लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातला, जीवजंतूंसकट आणलेला दगड. असे खेकडे त्यातून येतात, हेही खरंच. पण माझ्या टाकीत लाइव्ह रॉक नाही, दगड सगळे सिरॅमिकचे, भट्टीत भाजलेले. हे लिहिलं आणि नंबर ब्लॉक झाला. जीपेच्या पावतीवर नाव वेगळंच, दुकानाचं नाहीच.

आता मी नांग्यांचा आणि पोटाकडचा व्हिडिओ मागतो, खेकडा हातात धरून, आजची तारीख बोलून. दोघांनी 'बघतो' म्हणून विषय सोडला. तिसऱ्याने पाच मिनिटांत पाठवला.

एक पकडला. काचेचा पेला दगडाला तिरका टेकवून आत कोळंबीचा तुकडा टाकला. खेकडा उतरला, गुळगुळीत काचेवरून वर येता येईना. तो आता संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत आहे आणि आई त्याला कोळंबीची डोकी घालते. दुसरा अजून दगडात आहे. पेला आज रात्री परत लावलाय.