दोन तासांत अळी पाडणारं 'जैविक' औषध

या फसवणुकीत औषध कुचकामी निघत नाही. उलट ते जोरात चालतं, आणि शेतकरी तिथेच गंडतो. बाटलीवर 'हर्बल', 'विषमुक्त' असं छापलेलं. आत मिसळलेलं रासायनिक कीटकनाशक. दुकानदार सांगतो, संध्याकाळपर्यंत रिझल्ट बघा.

खऱ्या जैविकाला एवढी घाई नसते. बिव्हेरिया, मेटारायझियम या बुरशी किडीच्या अंगात रुजून तिला मारतात. त्याला काही दिवस लागतात, तेही हवेत ओलावा असेल तर. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन अळीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं. दोन तासांत अळ्यांचा सडा पडला, तर बाटलीत दुसरंच काही आहे असं समजा.

रसायनांशिवाय वाढत्या लोकसंख्येचं पोट भरेल का, हा वाद रंगतो तेव्हा अशीच औषधं फवारलेल्या प्लॉटचे फोटो जैविक शेतीचा पुरावा म्हणून फिरतात. जैविकाच्या नावावर रसायनाचं श्रेय!

फटका बसतो काढणीनंतर. क्लोरपायरीफॉस या रासायनिक कीटकनाशकाच्या मालातल्या अंशाची युरोपातली मर्यादा 2020 मध्ये किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आली. फवारणीच्या वहीत ज्याचं नावच नाही, त्याचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, पाळणार कसा? 2010 साली लिहोसिनच्या अंशामुळे द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले होते. ते तर वाढ आटोक्यात ठेवायला उघडपणे वापरलं जाणारं संजीवक होतं.

कीड मारण्यासाठी विकली जाणारी बाटली जैविक असली, तरी तिच्यावर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक हवा. निंबोळीच्या औषधावर ॲझाडिरॅक्टिन किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), तेही बघा. सगळ्यात जास्त गोलमाल 'टॉनिक'मध्ये होतो. टॉनिक म्हणून विकली जाणारी, पिकाच्या वाढीला चालना देणारी जैव-उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत आणि त्यांत कीटकनाशकाचा अंश 0.01 पीपीएमच्या वर चालत नाही. त्यामुळे टॉनिक विकणारा अळीचं नाव काढू लागला की बाटली परत ठेवा.

पक्क्या बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. त्याच बॅचची एक बाटली सीलबंद ठेवा. फोडलेल्या बाटलीतली भेसळ कंपनी तुमच्याच माथी मारते. तक्रार कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी द्या. नमुना त्यालाच काढू द्या.

भरवसाच उरला नसेल, तर 5 टक्के निंबोळी अर्क घरी होतो. वाळलेल्या निंबोळ्यांची 5 किलो भरड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबण विरघळवून त्यात घाला, एकूण 100 लिटर करा आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही.