घोड्याच्या केसांचा स्पोरन: नऊ महिने वापरून झाल्यावर

मी एडिनबरोमध्ये राहतो आणि इथल्या एका हौशी पाईप बँडमध्ये बॅगपाईप वाजवतो. आमचे आजोबा फौजेत होते, त्यांच्या पलटणीचा पाईप बँड होता, त्यामुळे तो आवाज लहानपणापासून कानात होताच, इथे आल्यावर शिकायला लागलो आणि सहा वर्षांनी फुल ड्रेसमध्ये उभं राहायची वेळ आली. फुल ड्रेस म्हणजे खांद्यावरून प्लेड म्हणजे चौकटीचं लोकरी कापड, डोक्यावर पिसांचा उंच बॉनेट म्हणजे टोपी आणि कमरेला पुढे लांब केसांचा स्पोरन, म्हणजे एक प्रकारची पिशवी. स्पर्धेत बहुतेक बँड आता छोटा चामड्याचाच स्पोरन घालतात, त्यामुळे लांब केसांचा प्रत्यक्ष वापरलेला माणूस पटकन सापडत नाही, मला तरी सापडला नव्हता, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, खिसा नसतो, म्हणून पुढे कमरेला अडकवायची ही पिशवी. स्पोरन या गेलिक शब्दाचा अर्थच मुळी पैशाची पिशवी. पण केसांच्या स्पोरनमध्ये पिशवी नावालाच असते, माझ्यात मागच्या बाजूला एक छोटा कप्पा आहे, त्यात घराची किल्ली आणि घडी केलेली एक नोट एवढंच मावतं. फोन मावत नाही. फोन ठेवायला जागा हवी असेल तर हा घेऊच नका, साधा चामड्याचा घ्या.

आता निवडीबद्दल. मी सुरुवातीला सगळं लक्ष कँटलवर दिलं, म्हणजे वरची धातूची कमान असते ना ती, चांदीचा मुलामा, नक्षी, थिसलची म्हणजे स्कॉटलंडच्या काटेरी राष्ट्रीय झाडाची फुलं वगैरे. फोटोत तेवढंच दिसतं. आमच्या पाईप मेजरनी, म्हणजे बँडच्या प्रमुखांनी, मला दुकानात नेलं आणि दोन स्पोरन हातात दिले, म्हणाले कँटल झाक आणि केस वर उचलून बघ. एकाचे केस उचलल्यावर खालचं चामडं सरळ उघडं पडलं, मधेमधे फटी, दुसऱ्याचे उचलले तर खाली परत केसच, थरावर थर. पहिला दुकानात छान दिसत होता पण वाऱ्यात त्याची चाळण होणार हे तिथेच कळलं. आणि एडिनबरोत वारा नाही असा दिवस मला अजून भेटायचाय. तेव्हा पैसे घालायचे ते केसांच्या दाटपणात, साधा कँटल चालतो.

ऑनलाईन स्वस्त मिळतात त्यात कधीकधी केस सिंथेटिक असतात. गळालेला एखादा केस पेटवून बघायचा, खरा असेल तर केस जळल्याचा तो ओळखीचा वास येतो आणि राख चुरडते, प्लास्टिक असेल तर वितळून कडक गोळी होते. सियालकोटमध्ये पाईप बँडचं सामान पुष्कळ बनतं आणि आमच्या बँडमधल्या एकाकडे तिथला स्पोरन आहे, तो उत्तम आहे, त्यामुळे कुठे बनला यावरून ठरवू नका, हातात घेऊन ठरवा.

रंग आणि गोंडे हा मला सगळ्यात आवडलेला भाग. गोंडे म्हणजे टॅसल, वरती धातूची छोटी टोपी आणि खाली वेगळ्या रंगाच्या केसांचा झुपका. हे नुसतं सजावट म्हणून बघू नका, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या हायलँड पलटणी यावरून ओळखू यायच्या. ब्लॅक वॉचचे पांढऱ्यावर पाच काळे, कॅमरन हायलँडर्सचे काळ्यावर दोन पांढरे, आर्गाइलच्या जवानांचे काळ्यावर सहा आखूड पांढरे आणि त्याला स्विंगिंग सिक्स असं नावच पडलं होतं. २००६ मध्ये उरलेल्या पलटणी एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली, पण ज्यांनी त्या पलटणीत नोकरी केली ती माणसं अजून परेडला येतात आणि त्यांची नजर आधी तिथेच जाते. कायदा काही नाही, कोणीही काहीही घालू शकतो, पण ज्या पलटणीत आपण नव्हतो तिची खूण घालणं मला बरोबर वाटत नाही. घरात फौजी माणूस असला की पलटणीची खूण काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही. बँडचा नियम पांढरे केस आणि काळे गोंडे एवढाच होता, पांढऱ्यावर पाच काळे ही ब्लॅक वॉचची खूण, म्हणून मी पाच बाजूला ठेवले आणि तीन घेतले.

लांबीचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तयार स्पोरन साधारण १८ इंचाचे येतात, सहा फुटी माणसाला ते शोभतात. माझी उंची पाच फूट चार इंच. पहिल्यांदा लावून बघितला तर केसांची टोकं किल्टच्या काठाच्या खाली, गुडघ्यावर लोंबत होती. किल्टचा काठ गुडघ्याच्या वाटीपाशी येतो आणि केस त्याच्या दोन बोटं तरी वर संपायला हवेत. कात्री घेऊन सरळ कापू नका, कापलेला स्पोरन झाडूसारखा दिसतो! कारागिरानी माझा मुळातूनच आखूड बांधून दिला, बाहेरचे केस थोडे आखूड आणि मधले लांब, म्हणजे खाली निमुळता होत जातो. गोंडेही त्याच मापात आखूड केले. यासाठी तीन आठवडे जास्त गेले आणि ४० पाउंड जास्त गेले, पट्ट्यासकट सगळे मिळून ३८०. तुम्हीही बुटके असाल तर हे आधीच मागून घ्या.

अजून एक हौस केली, कँटलच्या मागच्या बाजूला, जी फक्त मलाच दिसते, तिथल्या पट्टीवर देवनागरीत श्री कोरून घेतला. ज्या दुकानात कोरायला दिला त्यांच्या कॉम्प्युटरवर अक्षर फुटलं, श ला हलंत आणि री वेगळी असं काहीतरी झालं आणि तसंच कोरलंही. मला खूप वाईट वाटलं, त्यांनी ती पट्टी बदलून दिली पण पंधरा दिवस गेले. दुसऱ्या वेळी मी शाईने कागदावर काढून स्कॅन करून चित्र म्हणून पाठवलं, तेव्हा नीट आलं. टाईप करून पाठवूच नका.

वापराचं सांगतो. ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डेला पहिल्यांदा घातला, मग २५ जानेवारीला बर्न्स सपर, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीतलं जेवण, त्यात हॅगिसच्या (मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाच्या पदार्थाच्या) ताटापुढे वाजवत जायचं, मग उन्हाळ्यात लग्नं आणि दोन हायलँड गेम्स, म्हणजे इथले पारंपरिक खेळ आणि बॅगपाईपचे मेळावे. चालायला लागलं की केस डावीकडे उजवीकडे झुलतात, पावलाला पाऊल मिळालं की सगळ्या रांगेचे एकदम झुलतात, ते बघायला मी व्हिडिओ परत परत लावतो. कमरेचा साखळीचा पट्टा मात्र घेऊ नका, मागे किल्टच्या चुण्यांवर घासून लोकर झिजते, मी चामड्याचा पट्टा घेतलाय. बकलच्या खाली चार बोटं सोडून बांधायचा, त्याच्या खाली गेला की चालताना मांडीवर आपटतो.

जूनमधल्या गेम्सला तीन तास पाऊस झाला. घरी येऊन बघतो तर प्रत्येक काळ्या गोंड्याच्या खाली पांढऱ्या केसांवर राखाडी ओघळ. काळा रंग उतरला होता. कोमट सुद्धा नाही, गार पाण्यात आणि लहान मुलांच्या शाम्पूत दोनदा हलक्या हाताने धुतला, गोंडे वर उचलून बांधून ठेवले, कँटल कोरडा ठेवला आणि बाथरूममध्ये उलटा न करता सरळ टांगून वाळवला. हेअर ड्रायर नाही. ओघळ गेले, मधल्या गोंड्याखाली अगदी पुसट डाग राहिलाय जो मलाच दिसतो. कारागिराला फोटो पाठवले तर त्याने तिन्ही गोंडे बदलून दिले. तुम्ही ऑर्डर देतानाच विचारा की काळे केस नैसर्गिक आहेत की रंगवलेले.

विंचरण्याबद्दल आईने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं, अरे वरून काय ओढतोस, टोकापासून सोडव आधी. तेच बरोबर आहे. मोठ्या दातांची फणी घ्यायची, एका हाताने मधे घट्ट धरायचं, टोकाचा गुंता सोडवायचा आणि मग हळूहळू वर जायचं. पहिल्या दोन महिन्यांत मी वरून ओढून बरेच केस घालवले, तेव्हापासून फणीत चार-पाचच येतात.

कसर लागते हे लक्षात ठेवा, लोकरीला लागते तशीच, इथल्या जुन्या दगडी इमारतींमध्ये फार. डांबरगोळ्या टाकल्या तर तो वास लग्नाच्या हॉलपर्यंत आपल्याबरोबर येतो, म्हणून देवदाराचे तुकडे ठेवतो आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झटकतो. प्रवासाला बाकीचे पाईपर प्लंबिंगच्या पाईपचा तुकडा वापरतात, केस त्यात सरकवायचे. मी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा ओलसर करून गुंडाळतो, पोचल्यावर सोडला की केस सरळ पडतात.

पट्ट्याचं तिसरं भोक ताणलंय आणि कँटलच्या डाव्या कोपऱ्यावरचा मुलामा थोडा उडालाय, तिथे बॅगपाईपची हवेची पिशवी सारखी घासते. पट्टा नवीन सांगितलाय, मुलामा पुढच्या हिवाळ्यात बघू.