सगळं लिहून टाकणारा एजंट, सिंहगड रोड, पुणे : 4 स्टार (एक का कापला ते खाली वाचा)

नाव-नंबर देत नाहीये, कारण त्यानेच हात जोडून सांगितलंय की ताई, आता अजून लोकं पाठवू नका, फोन घेऊन घेऊन कान गरम होतो. एजंट असून गिऱ्हाईक नको म्हणतो म्हणजे काय ते पुढे कळेलच. आम्ही सव्वा वर्ष रिसेलचा टू बीएचके शोधत होतो, आनंदनगर, हिंगणे, वडगाव, धायरी सगळं पालथं घातलं, आणि शेवटी घर याच्याकडूनच घेतलं, म्हणून लिहितेय.

तर हा माणूस दिवसभर फ्लॅट बघतो आणि रात्री जेवण झालं की प्रत्येक फ्लॅटबद्दल व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून टाकतो. जाहिरात नाही हं. बाकीचे एजंट पाठवतात ना, हवेशीर, व्हास्तु (हे असंच लिहितात), मेन रोडपासून दोन मिनिटं, तसलं काही नाही. याचं असतं, 'दुसरा मजला, दुपारी चारनंतर मास्टर बेडरूममध्ये ऊन, एप्रिलमध्ये भिंतीला हात लावून बघा. ओट्यासमोरची खिडकी डक्टमध्ये उघडते, शेजारच्यांनी फोडणी दिली की तुमच्याकडे ठसका. मालक माणूस चांगला, किमतीत हट्टी.' एवढंच. फोटोसुद्धा टाकत नाही, म्हणतो फोटोत सगळीच घरं मोठी दिसतात.

पहिला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा खिशातून लेझर मीटर काढला आणि मालकासमोरच खोल्या मापायला लागला. मालक सांगत होते 1050 स्क्वेअर फूट, याचं निघालं 702. मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग जिन्यात उभं राहून आम्हाला समजावलं की 1050 म्हणजे सेलेबल, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळ्याचा वाटा धरलेला असतो, आपण राहतो ते कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर. रेराच्या (घरखरेदीचा कायदा) व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, आणि इथे तर बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली. सव्वा वर्षात दहा-बारा एजंट झाले, एकानेही हे सांगितलं नव्हतं.

महारेराचा (रेराचं महाराष्ट्रातलं सरकारी ऑफिस) नोंदणी नंबर ऑफिसच्या दारावर लावलाय, ए-ने सुरू होतो, आणि शेजारी परीक्षेचं सर्टिफिकेट फ्रेम करून. 2023 पासून एजंटांना परीक्षा पास व्हावी लागते हे मला तिथेच कळलं. पण तोच म्हणाला की जुन्या बिल्डिंगच्या रिसेलला रेराच्या साईटवर काही सापडणार नाही, तिथे भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा कागद), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) बघायचं. इंडेक्स टू तर त्याने आमच्यासमोर सरकारी साईटवरून काढून दाखवलं, त्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आधी कितीला गेला ते, त्यामुळे आम्ही बोलणी करायला गेलो ते हवेतल्या आकड्यावर गेलो नाही.

आता या लिहिण्याचे जे काय परिणाम झालेत ते सांगते, त्यातला एकही त्याने ठरवून केलेला नाही.

एक म्हणजे लोकांनी त्याला डॉक्टर करून टाकलंय. आम्ही ऑफिसात बसलो असताना तासाभरात सहा फोन, त्यातला एकही फ्लॅटसाठी नाही. कोणाला नॉमिनी आणि वारस यातला फरक हवा होता, कोणाच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अडकलंय, एक आजोबा विचारत होते वरच्याच्या बाथरूममधून गळतंय तर खर्च कोणी द्यायचा. हा सगळ्यांना सांगत बसतो. आमचा चहा गार. आणि मेसेजचं उत्तर यायला दोन-दोन दिवस लागतात, घाई असेल तर याच्या नादी लागू नका.

दुसरं, घरमालक याला किल्ली द्यायला घाबरतात. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या एकतानगरीत शिरलं ते आठवत असेल. त्यानंतर हा नदीकडच्या बिल्डिंगा बघताना पार्किंगच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठपर्यंत आहे ते बघायला लागला आणि लिहायला लागला, निळी पूररेषा (पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ती सरकारी नकाशातली रेघ) कुठून जाते तेही. झालं, दोन-तीन सोसायट्यांनी गेटवर सांगून ठेवलं की या गृहस्थाला आत सोडायचं नाही. वॉचमन मात्र याचे दोस्त, टँकर दिवसाला किती येतात ते तेच सांगतात.

मग काही मालकांनी अट घालायला सुरुवात केली की दाखवतो पण लिहायचं नाही. तो कबूल करतो आणि खरंच एक ओळ लिहीत नाही, शब्दाचा पक्का आहे. पण गंमत बघा, त्याचं वाचणाऱ्या लोकांना हे कळलं. आता कुठलाही फ्लॅट सांगितला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, हा लिहिला होता का? नाही म्हणलं की तिथेच शंका. म्हणजे ज्यांनी झाकायला सांगितलं त्यांचंच जास्त उघडं पडलं, आणि बिचाऱ्या एका बाईंचा फ्लॅट चांगला होता, त्यांना फक्त भाडेकरूला कळू द्यायचं नव्हतं, तर तोही चार महिने पडून राहिला. त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या होत्या, फार चिडलेल्या.

आता माझा कापलेला स्टार. हिंगण्यात एक फ्लॅट आम्हाला जाम आवडला होता. कोपऱ्याचा, दोन बाजूंनी वारा, खाली भाजीवाला, सासूबाईंना देऊळ चालत. शनिवारी बघितला, म्हणलं सोमवारी सांगतो, नवऱ्याला बँकेत विचारायचं होतं. या महाराजांनी शनिवारी रात्री लिहिलं, 'या वर्षी बघितलेल्यात मला स्वतःला राहावंसं वाटलं असं हे दुसरंच घर.' झालं कल्याण. एरवी सगळ्यांच्या खोड्या काढणारा माणूस कौतुक करतोय म्हणल्यावर रविवारी सकाळी अकरा वाजता जिन्यात रांग, आणि दुपारी टोकन पडलं, दुसऱ्याच कोणाचं. मी फोनवर भांडले. निवांत म्हणाला, ताई तुम्ही थांबा म्हणला असता तर थांबलो असतो, तुम्ही सोमवारी सांगतो म्हणालात. बरोबर आहे त्याचं, पण राग अजून गेला नाही, स्टार देणार नाही म्हणजे नाही.

अजून एक, आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या बिल्डिंगबद्दलही त्याने कधीतरी लिहून ठेवलेलं, 'पाण्याचा पंप पहाटे साडेपाचला सुरू होतो, पहिल्या मजल्यावर झोपमोड.' आम्ही पहिल्या मजल्यावर. आम्ही सोडणार कळल्यावर नवीन भाडेकरू आला तो ही ओळ दाखवून डिपॉझिट कमी करून घेऊन गेला, आणि आमच्या घरमालकांना वाटलं मीच सांगितलं. अकरा महिन्यांचे चार ॲग्रीमेंट आम्ही गुण्यागोविंदाने काढले होते हो त्यांच्याकडे, शेवटच्या दिवशी किल्ली घेताना बोलले नाहीत.

आणि घरातलं विचारू नका. सासूबाई रोज रात्री साडेनवाला मालिका बंद करून त्याचं लिहिलेलं मोठ्याने वाचतात. कोणाकडे हळदीकुंकवाला गेल्या की वाण बाजूला, आधी नळाची धार बघतात, कपाटामागे ओल आहे का बघतात. चुलतजावेच्या घरात म्हणाल्या, पश्चिमेची बेडरूम आहे तुझी, एप्रिलमध्ये कळेल. जाऊ दे.

पैशाचं सांगते, कारण तेच सगळे विचारतात. दलाली 1 टक्का, घासाघीस करत नाही. आमचा व्यवहार 78 लाखांचा, म्हणजे 78 हजार. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाला घर तुमच्या एकट्या नावावर घ्या, बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट असते, पुण्यात 7 च्या जागी 6, पण पुरुषाचं नाव जोडलं की सूट गेली. नवरा लोनला सोबत राहिला, खरेदीखतात नाही. म्हणजे 78 हजार वाचले आणि तेच याला दिले. रजिस्ट्रेशनचे 30 हजार. वर 50 लाखांच्या पुढचा व्यवहार म्हणून मालकांना देताना 1 टक्का टीडीएस, म्हणजे त्यांचा आयकर, त्यांच्या पैशातून कापून सरकारला भरायचा असतो, तो परत 78 हजार, नवरा म्हणाला या आकड्याची आता पूजा घालूया. माझ्या एकटीच्या नावावर म्हणल्यावर सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग त्याने ऑफिसात बोलावून काकू म्हणत कागदावर हिशोब मांडून दाखवला तेव्हा पटलं.

घेतलेलं घर आनंदनगरला, 2009 ची बिल्डिंग, सगळ्यात वरचा मजला. याच्याबद्दल त्याने लिहिलं होतं, 'हॉलच्या उजव्या कोपऱ्यात टेरेसवरून पाणी उतरतं, नवीन रंग दिलाय म्हणून दिसणार नाही, बोट दाबून बघा.' आम्ही दाबलं, पोपडा हातात आला. मालकांनी त्यावर दीड लाख कमी केले, आम्ही सोसायटीला मागे लागून वरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, कोपरा कोरडा ठणठणीत. पण ते लिहिलेलं अख्ख्या सोसायटीने वाचलंय, नातेवाईकांनी वाचलंय, भाचीच्या सासरच्यांनीसुद्धा. वास्तुशांतीला जो आला तो चप्पल काढून सरळ त्या उजव्या कोपऱ्यात, मान वर, बोट भिंतीवर. आता तिथे बोटांचे काळे ठसे पडलेत. परवा त्याला फोन केला की बाबा रे, दुरुस्त झालं असं लिही एकदाचं. म्हणाला, लिहितो ना ताई, एक पावसाळा जाऊ द्या.