जुनी गाडी घरीच उजळायची: पॉलिश करावं की रंग मारावा?

वडिलांची लाल मारुती 800 वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून बॉनेटवर पार गुलाबी-पांढरट पडली होती. ज्याला त्याला विचारलं तो म्हणाला, "फुल पेंट मारून टाक." मी आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (रंग घासून उजळायची पेस्ट) घेऊन वीतभर जागा घासली. फडकं लालेलाल झालं आणि तेवढ्या जागेत लहानपणी पाहिलेला लाल रंग वर आला. रंग मारायचा बेत तिथेच रद्द केला.

तुम्हीही खर्चाचा हिशोब करण्याआधी हे करून बघा. फडक्याला रंग लागला, तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, रंगाचाच वरचा थर उन्हाने मेलाय. तो काढला की खाली चांगला रंग आहे. फडकं रंगलं नाही, तर वर क्लिअर कोट आहे. तो नुसता धूसर झाला असेल तर तोही पॉलिशने उजळतो. मात्र त्याचे पापुद्रे सुटायला लागले असतील, तर कितीही घासा, उपयोग नाही. तिथे रंगच लागतो.

पॉलिशचं सामान दीड-दोन हजारांत येतं: कंपाउंड, पॉलिश, वॅक्स, मायक्रोफायबर कापडं. हाताने करायला दोन रविवार जातात आणि खांदे भरून येतात. गाडी सावलीत, पत्रा थंड हवा. धोका एकच, पण मोठा: दरवाज्याच्या कडा आणि बॉडीलाइनवर (पत्र्याच्या उठावदार रेषांवर) रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे जोर लावला की प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, दिसतो. आधी मास्किंग टेप लावा. आणि चमक कायमची नाही, दर तीन-चार महिन्यांनी वॅक्स करावं लागतं.

घरी रंग मारणं स्वस्त वाटतं ते स्प्रेच्या एका डब्याची किंमत बघून. 400 मिलीचे दोन-तीन डबे एका बॉनेटलाच जातात; शिवाय प्रायमर आणि क्लिअर कोट वेगळा. अख्ख्या गाडीचा हिशोब केला की रंग गॅरेजमध्येच मारून घ्यावासा वाटतो. कंप्रेसर भाड्याने आणून हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळलेला पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, पेंट मारायचा विचार असेल, तर कळकळीने सांगते, नको. त्या फवाऱ्यातलं हार्डनरमधून येणारं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, साधा मास्क ते अडवत नाही.

स्प्रेचा डबा खरा कामाचा आहे तो गंजलेल्या कोपऱ्याला. आमच्या दरवाज्याखाली रंगाला फुगे आले होते. ते 80 नंबरच्या घासपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडले, मग प्रायमर, पातळ पुट्टी, 320ने घासणं, पुन्हा प्रायमर, 800चा वॉटरपेपर आणि मग रंगाचे तीन हलके हात. गंजावरच पुट्टी भरली की एका पावसाळ्यात फुगा परत येतो. रंग जुळवायला नुसता कंपनीचा रंगाचा कोड पुरत नाही, कारण जुना रंग फिका पडलेला असतो. आधी जवळचा भाग पॉलिश करा, मग पेट्रोलच्या टाकीवरचं गाडीच्याच रंगाचं बाहेरचं झाकण काढून पेंटच्या दुकानात न्या.

सगळा क्लिअर कोट सुटलेला असेल किंवा गंज बऱ्याच ठिकाणी असेल, तर पैसे साठवून गॅरेज गाठा. रंग बदलायचाच असेल, तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

पॉलिश कधीही करा, स्प्रे मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. दमट दिवशी मारलेल्या रंगावर पांढरट सावट येतं. आणि ताज्या रंगावर महिनाभर वॅक्स लावू नका, आतला थिनर उडून जाऊ दे.