शांतिसेना ‘वेट लीज’वर: हिशेब चोख, पहारा बेभरवशाचा

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना एक सेवा म्हणून तपासायला घेतली, तर पहिला घोळ गिऱ्हाइकापाशीच आहे. ऑर्डर सुरक्षा परिषद देते. पैशांचा मोठा वाटा अमेरिका, चीन, जपान आणि युरोपातले देश उचलतात. माणसं नेपाळ, बांगलादेश, भारत, रवांडा पाठवतात. सेवा मात्र काँगो किंवा दक्षिण सुदानमधल्या गावकऱ्यासाठी असते, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. पैसे भरणाऱ्याच्या वतीने जे तपासलं जातं ते ठीक चालतं. फसतं ते बहुतेक गावकऱ्याच्या वाट्याचं.

तपासणीचा भाग खरोखरच चांगला बांधलेला आहे. यूएनकडे स्वतःचं सैन्य नाही, म्हणून तुकडी सामानासकट भाड्याने घ्यायची. ‘वेट लीज’मध्ये चिलखती गाड्या, जनरेटर, पाण्याचे टँकर देश आणतो, मेकॅनिक आणि सुटे भागही त्याचेच. महिन्याच्या भाड्यात घसारा आणि देखभाल दोन्ही धरलेले असतात. ‘ड्राय लीज’मध्ये देखभाल दुसऱ्याकडे, म्हणून भाडं कमी. डिझेल आणि शिधा यूएन पुरवतं. प्रत्येक जवानामागे 1 जुलै 2022 पासून दरमहा 1,448 डॉलर ठरले आहेत. ते जातात त्याच्या सरकारकडे. त्यातले जवानाच्या हातात किती पडायचे, हे सरकार ठरवतं.

करारात किती बारकावे असतात ते स्वयंपाकघरापाशी दिसतं. शिधा यूएनचा, पण भांडी, चूल आणि शीतगृह तुकडीचं. फ्रीझरमध्ये 14 दिवसांचं आणि थंड खोलीत 7 दिवसांचं अन्न राहील एवढी जागा अपेक्षित असते, भांडी धुवायला गरम पाणी लागतं. यात कमी आढळली तर त्या सदरातले माणशी पैसे अडकू शकतात. तंबूंचंही तसंच. सहा महिन्यांत पक्की निवारा-सोय करून देणं यूएनचं काम. ते जमलं नाही तर तंबू आणि निवास अशा दोन्ही सदरांचे पैसे तुकडीला मिळतात. इथे दंड चक्क भाडेकरूला, म्हणजे यूएनला होतो, हे विशेष.

तुकडी पोहोचल्यावर महिनाभरात पहिली तपासणी, मग दर तिमाहीला, आणि सामान मायदेशी परतण्याआधी शेवटची. करारातल्या गाड्यांपैकी 90 टक्के चालत्या हव्यात. वीस चिलखती गाड्यांपैकी अठरा चालत असतील तर पूर्ण भाडं. त्याखाली आलात की कपात. 2013 पासून आणखी एक पेच घट्ट झाला: मोठं सामान लागोपाठच्या दोन अहवालांत गैरहजर किंवा बंद आढळलं, तर जवानांमागच्या रकमेतही काटछाट होते. फक्त कागदावर गाड्या दाखवणाऱ्यांना यामुळे बराच चाप बसला.

तरी गाड्या बंद पडतातच. सुटे भाग समुद्रमार्गे येतात, मग बंदरापासून पुढे ट्रकने. तुकडीत दोन-तीन बनावटींच्या गाड्या असतील तर एकाचा भाग दुसरीला बसत नाही. दक्षिण सुदानमध्ये पावसाळ्यात बहुतेक कच्चे रस्ते बंदच होतात. माती काळी, चिकट. मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या चिखलात जड चाकांची चिलखती गाडी रुतते. मग 90 टक्के गाड्या चालत्या असूनही गस्त तळाच्या आसपासच फिरते.

आता जे तपासलं जात नाही त्याकडे. गाडी सुरू होते का, हे इन्स्पेक्टर पाहतो. गोळीबाराचा आवाज आल्यावर ती गेटबाहेर पडते का, हे त्याच्या फॉर्मात नाही. यूएनच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयाने 2014 साली हिशेब मांडला: 2010 ते 2013 या काळात नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या 507 घटनांपैकी तुकड्यांनी तातडीने प्रतिसाद दिला तो 101 मध्ये. बळाचा वापर तर जवळजवळ नाहीच. कारण भ्याडपणा नव्हे, निदान नुसता तो नव्हे. फोर्स कमांडरचा, म्हणजे मोहिमेच्या लष्करी प्रमुखाचा, हुकूम आल्यावर कंटिंजंट कमांडर, म्हणजे एका देशाच्या तुकडीचा प्रमुख, आधी आपल्या राजधानीला फोन लावतो. ‘रात्री बाहेर पडायचं नाही’, ‘अमुक रस्त्यापलीकडे जायचं नाही’ अशा अटी देशांनी घातलेल्या असतात. कित्येकदा करारात न लिहिता. दक्षिण सुदानची राजधानी जुबात जुलै 2016 मध्ये हेच झालं. मदतकर्मी राहत असलेल्या निवासी आवारावर हल्ला झाला, यूएनचा तळ जवळच होता, फोन जात होते, पण कुणी गेलं नाही. चौकशीनंतर फोर्स कमांडरला काढलं; अटी जिथल्या तिथे राहिल्या.

दुसरी उणीव भाषेची. पूर्व काँगोत किवांजा इथे नोव्हेंबर 2008 मध्ये सुमारे दीडशे माणसं मारली गेली, यूएनचा तळ हाकेच्या अंतरावर असताना. त्यानंतर निघालेली सुधारणा मात्र या सेवेतली सगळ्यात पैसा-वसूल गोष्ट आहे: स्थानिक भाषा बोलणारे संपर्क सहायक. ते तळावर राहतात, गावोगावच्या माणसांना मोबाइल नंबर देऊन ठेवतात, खबर आली की कंपनी कमांडरला सांगतात. एका चिलखती गाडीच्या खर्चापुढे त्यांचा पगार चिल्लर, आणि मोहीम गुंडाळताना कात्री आधी बऱ्याचदा यांच्यावरच चालते.

वैद्यकीय बाजू तळावर चांगली, वाटेत कच्ची. लेव्हल-1 दवाखान्यात रोजचे 20 रुग्ण आणि दोन दिवस ठेवता येतील अशा पाच खाटा. लेव्हल-2 मध्ये रोज तीन-चार शस्त्रक्रिया. लेव्हल-3 मध्ये दहा. पूर्व काँगोतल्या गोमा शहरातलं भारतीय लष्कराचं लेव्हल-3 रुग्णालय या सेवेचा उत्तम नमुना आहे. नियम 10-1-2 चा: दहा मिनिटांत प्रथमोपचार, तासात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. पण जखमीला उचलायला हेलिकॉप्टर लागतं. कंत्राटी हेलिकॉप्टर रात्री किंवा गोळीबारात सहसा उतरत नाहीत, आणि लष्करी हेलिकॉप्टर देणारे देश मोजकेच.

सांडपाण्याचा प्रश्न गौण वाटतो, पण या सेवेचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं. 2010 मध्ये हैतीत मिरबले इथल्या तळावरचा मैला उघड्या खड्ड्यात टाकला जात होता, नळांची जोडणी गबाळी, आणि शेजारून आर्तिबोनीत नदीला मिळणारी उपनदी. कॉलऱ्याने सुमारे दहा हजार माणसं गेली. यूएनची माफी आली 2016 च्या डिसेंबरात. अमेरिकी न्यायालयातला दावा कायदेशीर संरक्षणामुळे फेटाळला गेला. फ्रीझरमध्ये किती दिवसांचं अन्न मावतं हे मोजणाऱ्या व्यवस्थेत पीडिताची तक्रार घेणारी खिडकीच नव्हती.

पर्याय आहेत. रवांडाने जुलै 2021 मध्ये मोझांबिकशी थेट करार करून सुमारे हजार जणांचं दल तिथल्या काबो डेल्गादो प्रांतात पाठवलं, आणि महिन्याभरात बंडखोरांच्या ताब्यातलं मोसिंबोआ दा प्राया हे बंदरशहर परत मिळवलं. यूएनचा ठराव, अंदाजपत्रक, करार यांतच एवढा वेळ सहज जातो. पण अशा दलावर तिऱ्हाइताची देखरेख जवळजवळ नाही. आफ्रिकी संघाची सोमालियातली मोहीम लढते खरी, पण तिचा पगार दुसऱ्याच्या खिशातून: युरोपीय संघाने 2016 मध्ये 20 टक्के कपात केली. यूएनच्या पैशातून अशा मोहिमांचा 75 टक्क्यांपर्यंत खर्च भागवण्याची मुभा सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर 2023 च्या ठराव 2719 ने दिली. सोमालियाला तो लागू करायची वेळ आली तेव्हा अमेरिकेने नकार दिला. आणि यूएनची स्वतःची तिजोरीही आटली आहे: थकलेल्या वर्गणीमुळे ऑक्टोबर 2025 मध्ये नऊ मोहिमांतले सुमारे 25 टक्के जवान आणि पोलीस कमी करण्याचं जाहीर झालं. सामान परत पाठवायचा खर्चही त्याच तिजोरीतून.