मिक्राओत गेदोलोत, नऊ महिन्यांनंतर: नेमका ‘वायेखी’लाच खंड उसवला

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी, शब्बाथचे (शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे लावायला तासभर असताना, माझ्या मिक्राओत गेदोलोतमधल्या, म्हणजे तोरा (ज्यूंच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं) आणि तिच्यावरच्या जुन्या टीका एकत्र छापलेल्या संचातल्या, उत्पत्तीच्या खंडातलं एक पान सुटून जमिनीवर पडलं. उचलून ओठांना लावलं, परत आत सरकवायला गेलो तर शेजारची आणखी तीन पानं बोटांबरोबर बाहेर आली. अध्याय ४८. याकोब आजारी पडतो, त्याचा मुलगा योसेफ आपल्या मनश्शे आणि एफ्राइम या मुलांना घेऊन येतो, आणि म्हातारा हात आडवे टाकून उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. नऊ महिन्यांत मी सगळ्यात जास्त उघडलेली पानं हीच, म्हणून आधी तीच गेली, हे मान्य. पण टपालखर्च धरून साडेनऊ हजार मोजलेल्या पाच खंडांच्या संचात पानं अशी गळावीत हे मला अजिबात मान्य नाही. वडिलांची मराठी प्रार्थनेची पोथी माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडलाय, शिवण जागची हललेली नाही.

संचाची मांडणी वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. मधे ठळक अक्षरात तोरा, बाजूला ओन्केलोसचं अरामी भाषांतर, भोवताली राशी, राशबाम, इब्न एज्रा, रामबान, स्फोर्नो या जुन्या टीकाकारांच्या टिपा. व्हेनिसला डॅनिएल बॉम्बर्गच्या छापखान्यात १५२४-२५ मध्ये हा साचा पक्का झाला आणि आजही तोच चालतो. माझ्या संचात खाली इंग्रजी भाषांतर आहे. ते नसतं तर रामबानांची लांबलचक वाक्यं मला झेपली नसती, म्हणून त्याचे पैसे मी आनंदाने दिले.

बांधणी एकवेळ परत करून घेता येते. जे दुरुस्त होणार नाही ते वेगळंच आहे: या संचात ‘वायेखी’ ही परशा (तोराचा एका आठवड्याला वाचायचा भाग; ४८वा अध्याय याच परशेतला) नव्या पानावर सुरू केली आहे. वर वेलबुट्टी, मोठं शीर्षक, आणि आधीच्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? सेफर, म्हणजे सिनेगॉगमधली तोराची हस्तलिखित गुंडाळी, उघडलं की दिसतं. परशा बदलते तिथे एरवी ओळ मोकळी सोडलेली असते किंवा निदान नऊ अक्षरांची जागा तरी. वायेखीच्या आधी मात्र एका अक्षराएवढीच फट. ‘याकोब मिसर देशात (इजिप्तमध्ये) सतरा वर्षं जगला’ हे वाक्य मागच्या वाक्याला जवळजवळ चिकटून येतं. आणि राशींची या परशेवरची पहिली टीप तेवढ्यावरच आहे: ही परशा बंद का? एक उत्तर असं, की याकोब गेल्यावर इस्राएलचे डोळे आणि मन गुलामीच्या दुःखाने मिटले. दुसरं असं, की याकोबाला मुलांना शेवटच्या काळाचं गुपित सांगायचं होतं आणि ते त्याच्यापासून मिटवलं गेलं. आता ही टीप अर्ध्या कोऱ्या पानाच्या पलीकडे, वेलबुट्टीखाली छापलेली वाचा. नवीन वाचणाऱ्याला वाटणार, बंद कुठे आहे, इथे तर दार सताड उघडं आहे! मीच पहिल्यांदा तीनदा वाचली आणि चूक माझ्या वाचनाची समजलो. शेवटी सिनेगॉगमध्ये हजानांनी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) सेफरमधली ती जागा दाखवली तेव्हा उलगडलं. पाच खंड छापणाऱ्यांना तळाशी एक ओळ छापायला किती खर्च आला असता?

यावर मी इतका अडून बसतो, कारण या अध्यायाचा सगळा पेच वेळेचा आहे. काय आधी झालं, काय नंतर, किती अंतराने. तिथे कोरी जागा सोडणं म्हणजे नको तिथे वेळ घुसवणं.

माझी दोन नातवंडं इस्राएलमध्ये अश्दोदला आहेत, मी ठाण्यात. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ‘देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखं करो’ असा आशीर्वाद देतो. हे शब्द याच अध्यायातले, विसाव्या वचनातले. रीत आहे ती शब्बाथ लागल्यावर, किद्दूशच्या (वाइनच्या प्याल्यावरच्या प्रार्थनेच्या) आधी. पण माझा शब्बाथ त्यांच्या कितीतरी आधी लागतो आणि मग फोनला हात लावायचा नाही. म्हणून मी दिवे लावायच्या आधी फोन करतो, तेव्हा तिकडे दुपार असते, मुलं धड आंघोळही करून आलेली नसतात. आशीर्वाद वेळेच्या आधी दिला तर तो आशीर्वादच का, हा प्रश्न मला खरोखर छळत होता, आणि त्यासाठीच मी हा संच मागवला.

माझ्या डोक्यात एफ्राइम-मनश्शे लहान पोरं होती. बाराव्या वचनात योसेफ त्यांना बापाच्या गुडघ्यांजवळून बाजूला घेतो, म्हणजे मांडीवरचीच असणार. मग हिशेब केला. योसेफ फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. सुकाळाची ७ वर्षं, दुष्काळाची २, म्हणजे याकोब मिसरात आला तेव्हा योसेफ ३९ आणि याकोब १३०. याकोब गेला १४७व्या वर्षी. दोन्ही मुलगे दुष्काळाच्या आधी झालेले, म्हणजे आशीर्वादाच्या दिवशी धाकटाही निदान १९ वर्षांचा. मिशा फुटलेले बाप्ये! राशी गुडघ्यांचं सरळ सांगतात: आजोबाने मुके घेतल्यावर योसेफाने त्यांना उठवलं, एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसवण्यासाठी.

तरीही आठवं वचन अडतं. याकोब त्या दोघांना पाहून विचारतो, ‘हे कोण?’ सतरा वर्षं मिसरातल्या गोशेनमध्ये राहून? शिवाय पहिल्याच वचनावर राशी एक मत देतात की एफ्राइम आजोबांजवळ नेहमी शिकायला असे, आणि योसेफाला आजाराची खबर त्यानेच नेली. मग ज्याला रोज शिकवलं त्याला ‘हा कोण’ कसं विचारणार? राशी म्हणतात, प्रश्न ओळखीचा नाहीच. याकोबाला पुढे या वंशात येणारे यराबाम, अहाब, येहू हे पापी राजे दिसले, देवाची सोबत त्या क्षणी सरली, आणि तो विचारतो की आशीर्वादाला न शोभणारे हे आले कुठून. राशबाम दोन ओळींत मोकळे होतात: माणसाची आकृती दिसते, चेहरा ओळखू येत नाही, असं होतं.

हे राशबाम राशींचे नातू, मुलीचे चिरंजीव. उत्पत्ती ३७ वर ते लिहितात की आजोबांशी त्यांनी वाद घातला आणि आजोबांनी कबूल केलं, वेळ असता तर रोज नव्याने सुचणाऱ्या सरळ अर्थांप्रमाणे दुसरी टीका लिहिली असती. नातवंडांच्या आशीर्वादाच्या पानावर आजोबा एका बाजूला आणि नातू दुसऱ्या बाजूला. या एका पानासाठी मी संचाचं बरंच माफ करतो.

माझं मत दोनदा बदललं, तेही सांगतो.

पहिले तीन महिने मी अक्षरांच्या नावाने ओरडत होतो. राशीचा टाइप बारीक, इब्न एज्रा तर मुंग्यांची रांग. मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तक्रार निम्मी झाली. राशीचा टाइप बारीक आहे पण स्वच्छ आहे. इब्न एज्राबद्दलचं मत कायम. त्या ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी फोनवर दोन डोकी दिसत होती, चेहरे दिसत नव्हते, आणि मी सुनेला विचारलं, ‘अगं, उजवीकडे कोण बसलाय?’ थोरला म्हणाला, ‘आजोबा, मी!’ त्या रात्री राशबामांच्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या. राशींचं उत्तर खोल आहे, पण मला तेव्हापासून राशबामच खरे वाटतात.

दुसरं मत अकराव्या वचनाचं. याकोब म्हणतो, ‘तुझं तोंड पाहीन असं वाटलं नव्हतं, आणि देवाने तुझी संततीही दाखवली.’ हे वाक्य सतरा वर्षांनंतरच्या माणसाचं कसं? हे तर बाप-लेक मिसरात पुन्हा भेटले त्या दिवसाचं. तोरामध्ये आधी-नंतरचा क्रम नसतो, हे रब्बींचं सूत्र आहेच. म्हणून एप्रिलपर्यंत मी ठाम होतो की आशीर्वाद खरा दिला तो मिसरात पाऊल ठेवल्यावर, मुलं दोन-तीन वर्षांची असताना, आणि लिहिला गेला नंतर. गुडघेही जुळत होते, ‘हे कोण’सुद्धा.

मग अध्याय ४७ वर रामबान नीट वाचले. त्यांचा क्रम साधा आहे. शेवटच्या वर्षी याकोबाला अशक्तपणा जाणवू लागला, आजार नव्हता. तेव्हा त्याने योसेफाला बोलावून मिसरात पुरणार नाही अशी शपथ घेतली. योसेफ परत गेला. त्यानंतर याकोब आजारी पडला, खबर गेली, आणि योसेफ मुलांना आशीर्वादासाठी घेऊन आला. म्हणजे ४७ आणि ४८ लागोपाठ, मधे मोजके दिवस. मजकूरही तेच सांगतो: सुरुवातीला ‘तुझा बाप आजारी आहे’, शेवटी ‘मी आता मरतो आहे’. माझी कल्पना तिथे मोडली.

आणि अकरावं वचन? भेटीच्या दिवशी याकोब योसेफाला म्हणालाच होता की तुझं तोंड पाहिलं, आता मी मरायला मोकळा. सतरा वर्षांनी तो तेच पुन्हा म्हणतो. म्हातारी माणसं म्हणतात. मी दर शुक्रवारी मुलांना म्हणतो, तुम्हाला पाहीन असं वाटलं नव्हतं, आणि दर शुक्रवारी ते खरंच असतं.

माझ्या वेळेच्या प्रश्नाचं उत्तर अनपेक्षित जागी सापडलं. या संचात योनाथानच्या नावाचं दुसरं अरामी भाषांतरही आहे, पानाच्या कोपऱ्यात. विसाव्या वचनाला तिथे म्हटलंय की इस्राएल लोक या शब्दांनी बाळाला सुंतेच्या दिवशी आशीर्वाद देतील. सुंता आठव्या दिवशी, वार कुठलाही असो, भर उन्हात. शुक्रवारची रात्र ही पुढची रीत, ती चांगलीच आहे. पण दुपारी न्हाण्याआधी दिलेला आशीर्वाद वाया जात नाही, एवढं मला त्या कोपऱ्याने दिलं. तो कोपरा नसता तर मी संच परत पाठवला असता.

आता विक्रेत्याचं. तीन ईमेल, सहा फोटो. पहिलं उत्तर आलं की वापराने होणारी झीज हमीत बसत नाही. दुसरं, तक्रार तीस दिवसांत करायला हवी होती. मी लिहिलं की तोराचं पुस्तक वर्षभर वाचायचं असतं, तीस दिवसांत तुम्ही जेमतेम उत्पत्तीच्या मध्यावर असता. त्यावर उत्तर नाही. त्यांच्याकडून मी पुन्हा काही घेणार नाही.

ठाण्यात एका बाईंडरकडे खंड नेला. त्याने पाठ सोलून दाखवली: जुजं शिवलेलीच नाहीत, नुसता गरम डिंक. साडेतीनशे रुपयांत त्याने खंड उलगडून जुजबांधणी केली, कापडी पाठ लावली. पुस्तकाची एक चिंधीही टाकू नका म्हटल्यावर त्याने पाठीला चिकटून आलेले कागदाचे सगळे तुकडे पुडीत बांधून दिले. ते मी सिनेगॉगच्या गेनिझात (जीर्ण पवित्र कागद जपून ठेवायच्या जागी) ठेवले.

खंड आता सपाट उघडतो, पूर्वी उघडत नव्हता. ४८वा अध्याय टेबलावर ठेवला तर हात लावावा लागत नाही. वायेखीआधीचं कोरं अर्धं पान मात्र तसंच आहे. दुसऱ्या खंडाची पाठ दाबली की करकरते, पुढच्या आठवड्यात तोही बाईंडरकडे देणार आहे.